ऑफिसमधल्या जुन्या डेलमध्ये १८ हजारांत कोणतं ग्राफिक्स कार्ड बसेल?

दारव्हा_पीसी

राम राम मंडळी. सेकंडहँड डेल ओप्टिप्लेक्स ७०४० आहे. आय५-६५००, रॅम ८ जीबीची एकच पट्टी, २५६ जीबी एसएसडी, विंडोज १०. वेगळं कार्ड नाही, प्रोसेसरमधल्या एचडी ५३० वरच सगळं चालू आहे. मॉनिटर साडेअठरा इंची, १३६६ × ७६८, मागं फक्त व्हीजीए.

खेळायचं काय तर जीटीए ५, व्हॅलोरंट, सीएस२. जमलं तर फोर्झा होरायझन ५. लहान भावाले बीजीएमआय पीसीवर पाहिजे म्हणून तो वेगळाच मागं लागून राहिला.

बजेट सगळं धरून १८ हजार. मिळालेले भाव असे: जीटीएक्स १०५० टीआय ४ जीबी ऑनलाइन ‘नवीन’ ५,२००. आरएक्स ५८० ८ जीबी वापरलेलं ६,०००. जीटीएक्स १६५० ४ जीबी वापरलेलं ७,५००. आरएक्स ६६०० वापरलेलं १३,५००. आरटीएक्स ३०५० ६ जीबी नवीन, पक्क्या बिलासकट १७,३००.

दुकानदार म्हणते ५८० घ्या, त्यात ८ जीबी आहे, ३०५० मध्ये सहाच. काय करू? आणि इकडे उन्हाळ्यात पारा ४५ च्या वर, संध्याकाळी लाइन कधी डाऊन तर कधी फुल. तेही धरून सांगा.

---

सरकी_ढेप

भाऊ, कार्डाचं नंतर. आधी डबा उघडा आणि चार गोष्टी इथं टाका, नाहीतर सगळे अंदाजानं बोलत बसतील.

एक, डबा टॉवर आहे की चपटा? ७०४० दोन्ही रूपात येतो. चपट्यात अर्ध्या उंचीचंच कार्ड बसते आणि पॉवर सप्लाय १८० वॅटचा असतो. टॉवरमध्ये पूर्ण उंचीचं बसते, सप्लाय २४० वॅटचा.

दोन, पॉवर सप्लायच्या स्टिकरवर एकूण वॅट किती आणि १२ व्होल्टच्या लाइनीवर अँपिअर किती. फोटो काढा, पाठ करू नका.

तीन, सप्लायमधून ६ किंवा ८ पिनांची मोकळी वायर निघते का, जी कुठंच लागलेली नाही. ऑफिसच्या डेलमध्ये बहुतेक नसतेच.

चार, मागच्या पत्र्यापासून समोरच्या ड्राइव्हच्या पिंजऱ्यापर्यंत फूटपट्टी लावा. शेजारच्या स्लॉटात काही आहे का तेही पाहा, कारण बहुतेक कार्डं दोन स्लॉटांची जागा खातात.

---

दारव्हा_पीसी

टॉवर आहे. स्टिकरवर २४० वॅट. मोकळी वायर एकही नाही. लांबी २१-२२ सेंमीपर्यंत अडचण नाही, त्यापुढं केबली येतात. शेजारचा स्लॉट रिकामा.

---

सरकी_ढेप

मग तुमची अर्धी यादी इथंच कटली. हिशेब पाहा.

आय५-६५०० चा टीडीपी (लोडवर किती वॅट लागतील त्याचा अंदाज) ६५ वॅट. बोर्ड, रॅम, एसएसडी, पंखे मिळून ३० धरा. झाले ९५. पीसीआय एक्सप्रेसचा स्लॉट स्वतःहून जास्तीत जास्त ७५ वॅट देतो, त्यातले ६६ च्या आसपास १२ व्होल्टवरून आणि बाकी ३.३ व्होल्टवरून. म्हणजे स्लॉटवरच जगणारं कार्ड लावलं तर पूर्ण लोडला १७० वॅट. २४० च्या सप्लायला हे झेपते. डेलचे हे सप्लाय लेबलवर लिहिलेलं खरंच देतात, लोकल ‘४५० वॅट’ वाल्यांसारखे नसतात.

आरएक्स ५८० एकटं १८५ वॅट खाते. त्याला ८ पिनांची वायर लागते, काही मॉडेलांना ८ आणि ६ दोन्ही. दुकानदार ‘साटावरून ८ पिन’ (साटा म्हणजे एसएसडी-हार्डडिस्कला जाणारी वायर) असा कन्व्हर्टर देईल. तो घेऊच नका. साटाच्या प्लगात १२ व्होल्टच्या तीन बारीक पिना असतात, त्यांची क्षमता सगळी मिळून ५४ वॅट. त्यातून १०० च्या वर ओढलं की प्लग वितळते. या डेलमध्ये तर साटाची वायरही बोर्डावरून येते, म्हणजे बोर्डावरची पट्टीच करपेल.

८ जीबीचं म्हणाल तर कार्डाची मेमरी ही गोदामाची जागा आहे, माल उचलणारा गडी म्हणजे चिप वेगळी. ५८० चा गडी २०१७ चा आहे. कामाचा होता, पण एएमडी आता त्या पिढीला नव्या गेमसाठीच्या सुधारणा देत नाही. आणि तुमच्या ७६८ च्या पडद्यावर जीटीए ५ साठी ४ जीबीही पुरते.

१०५० टीआय स्लॉटवर चालते, ७५ वॅट. पण एनव्हीडियानं या कार्डाच्या पास्कल पिढीचा शेवटचा गेम रेडी (नव्या गेमसाठीचा) ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५ मध्ये काढला. आता २०२८ पर्यंत फक्त सुरक्षेचे अपडेट. त्यात ५,२०० ला ‘नवीन’ म्हटलं की माझे कान टवकारतात, त्याबद्दल खाली कोणीतरी लिहीलच.

उरले १६५० आणि ३०५० ६ जीबी.

१६५० मध्ये ८९६ कोअर (चिपमधले काम करणारे छोटे भाग), ४ जीबी, ७५ वॅट. सांभाळून घ्या, कारण काही कंपन्यांनी याच नावाच्या कार्डावर ६ पिनांचं सॉकेट दिलं आहे. ते तुम्हाला चालणार नाही. मेमरी दोन प्रकारची येते, जीडीडीआर५ आणि जीडीडीआर६. ६ वालं घ्या, मेमरीचा वेग दर सेकंदाला १२८ जीबीवरून १९२ वर जातो. भाव सहसा सारखाच सांगतात, कारण विकणाऱ्यालाच फरक माहीत नसतो.

३०५० ६ जीबी फेब्रुवारी २०२४ चं, २३०४ कोअर, फक्त ७० वॅट, बहुतेक मॉडेलांना वायर लागत नाही. डीएलएसएस (कमी रिझोल्यूशनचं चित्र मोठं करून फ्रेम वाढवणारी सोय) आहे, १६५० मध्ये नाही. याच नावाचं ८ जीबीवालं कार्ड वेगळं आहे: १३० वॅट, ८ पिन. बिलावर ‘६ जीबी’ लिहून घ्या. कमी वॅटच्या सप्लायवर विनावायर चालणाऱ्या कार्डांत सध्या हेच वरचढ.

---

फ्रेम_मोजणी

थोडं वेगळं मत आहे. सगळे कार्डावर अडकून राहिले, प्रोसेसर कोणी पाहतच नाही.

आय५-६५०० म्हणजे चार कोअर, चार थ्रेड, म्हणजे एका वेळी चारच कामं. व्हॅलोरंट आणि सीएस२ प्रोसेसरवर चालणारे गेम आहेत. १३६६ × ७६८ वर तर कार्डाला कामच कमी, सगळा भार प्रोसेसरवर. तिथं ३०५० लावलं काय आणि ६६०० लावलं काय, सीएस२ मध्ये धूर, गोळीबार सुरू झाला की फ्रेम (दर सेकंदाला दिसणारी चित्रं) तेवढ्याच पडतील. १७,३०० टाकून निम्मं कार्ड झोपलेलं राहील.

कार्ड घेण्याआधी हे तपासता येते. जीटीए ५ ची सेटिंग सगळी तळाला न्या, रिझोल्यूशन ८०० × ६००, फ्रेम स्केलिंग अर्ध्यावर. एमएसआय आफ्टरबर्नर या प्रोग्रॅमचा फ्रेम आणि वापर दाखवणारा डिस्प्ले लावा आणि शहरात गाडी पळवा. ग्राफिक्सचा वापर ९० टक्क्यांच्या खाली आला आणि प्रोसेसर ९५ च्या वर चिकटला, तर त्या वेळी दिसणारी फ्रेमची संख्या हीच साधारण तुमच्या प्रोसेसरची हद्द. वेगळं कार्ड लावल्यावर ती थोडी वर जाते, कारण आतलं ग्राफिक्स रॅमचा वेग वाटून खाते, पण दुप्पट होत नाही. एवढं करूनही ग्राफिक्सच १०० टक्क्यांवर राहिलं, तर या चाचणीतून काही कळलं नाही असं समजा.

दुसरं, ८ जीबीची एकच पट्टी. हे खरं दुखणं आहे. एका पट्टीवर रॅमचा रस्ता एकेरी राहतो. जीटीए ५ मध्ये गाडी जोरात पळवली की मध्येच झटका बसतो ना, त्यातला मोठा वाटा याचा. अजून एक ८ जीबी डीडीआर४ पट्टी टाका. लॅपटॉपची छोटी नाही, लांब डेस्कटॉपवाली. वेग २१३३ असो की २४००, बोर्ड २१३३ वरच चालवेल, त्यामुळं जास्त वेगासाठी पैसे देऊ नका. कॅबिनेटच्या आतल्या नकाशात डिम १ आणि डिम २ लिहिलेलं असते, त्या दोन खाचांत पट्ट्या बसवा. मग सीपीयू-झेड या प्रोग्रॅमच्या मेमरी टॅबवर ‘ड्युअल’ दिसते का पाहा. ‘सिंगल’ दिसलं तर खाच चुकली.

माझा कौल: १६५० आणि ८ जीबी रॅम. उरलेल्या पैशात वापरलेला २२ इंची, १९२० × १०८० चा मॉनिटर. कार्डापेक्षा त्याचाच फरक डोळ्यांना जास्त दिसेल.

---

सरकी_ढेप

रॅमचं शंभर टक्के बरोबर. मॉनिटरचंही मान्य. पण मॉनिटर १०८० चा झाला की प्रोसेसरवरचा मुद्दा निम्मा सैल होतो, मग कार्डाला काम लागते. फोर्झा होरायझन ५ चं किमान कार्डच जीटीएक्स ९७० किंवा आरएक्स ४७० आहे, १६५० त्याच्याही खाली बसते. चालेल, पण लो-मीडियमवर.

म्हणून दारव्हावाल्यांना सरळ प्रश्न: फोर्झा खरंच पाहिजे की नुसतं ‘जमलं तर’? नुसतं जमलं तर असेल तर १६५०. पुढं बोर्ड-प्रोसेसर बदलून तेच कार्ड नव्या डब्यात न्यायचं असेल तर ३०५०, आणि रॅम महिन्याभरानं.

---

बर्डी_ते_पुसद

आरएक्स ६६०० इतक्या लवकर काहून सोडलं? १३,५०० मध्ये ३०५० ६ जीबीच्या दीडपट ताकद. १३२ वॅटच तर आहे. सप्लाय बदलला की काम फत्ते.

---

मल्टिमीटर

सप्लाय बदलणं हेच डेलमध्ये अवघड आहे, म्हणून सोडलं. या बोर्डांवर नेहमीचं २४ पिनांचं सॉकेट नसते, मॉडेलप्रमाणे ६ किंवा ८ पिनांचं असते. साधा एटीएक्स (बाजारात मिळणारा नेहमीचा) सप्लाय लावायचा तर मध्ये कन्व्हर्टर लागतो. काही मॉडेलांना बंद असतानाही १२ व्होल्ट लागते आणि एटीएक्स त्या वायरीवर ५ देते, म्हणून कन्व्हर्टरवर व्होल्टेज वाढवणारी छोटी पट्टी असते. स्वस्त कन्व्हर्टरमध्ये तीच आधी मरते, मग मशीन चालूच होत नाही आणि दोष बोर्डाला लागतो. शिवाय सप्लायचा आकार. डेलच्या खोबणीत एटीएक्सचे स्क्रू जुळतीलच असं नाही.

हिशेब करा: कार्ड १३,५००, त्यावर चांगल्या कंपनीचा ४५० वॅट सप्लाय, कन्व्हर्टर. १८ हजार तिथंच संपले, रॅमला काही उरलं नाही, आणि प्रोसेसर तोच चार थ्रेडचा. ज्याच्याकडं साधा एटीएक्सचा डबा आणि निदान सहा कोअरचा प्रोसेसर आहे, त्यानं ६६०० जरूर घ्यावं. त्या भावात वाईट कार्ड नाही ते.

कोणी आरएक्स ६४०० सुचवायच्या आधी तेही सांगतो. ५३ वॅटचं आहे, स्लॉटवर चालते. पण त्याला पीसीआय एक्सप्रेसच्या चारच लेन (डेटाचे रस्ते) आहेत. चौथ्या पिढीच्या बोर्डावर ठीक, तुमचा बोर्ड तिसऱ्या पिढीचा, तिथं रस्ता निम्मा होतो. ४ जीबी भरली की कार्ड रॅमकडं धावते आणि गेम अडखळतो. इंटेलचं आर्क कार्ड तर या मशीनसाठी नाहीच. त्याला रिसायझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय) चालू लागते आणि इंटेल स्वतःच दहाव्या पिढीपासून पुढचे प्रोसेसर सांगते.

---

बर्डी_ते_पुसद

कन्व्हर्टरचं माहीत नव्हतं, मुद्दा मान्य. मग वापरलेलं १६५० घेताना काय पाहायचं ते सांगतो.

आधी त्या ५,२०० च्या १०५० टीआयबद्दल. फोटोत कार्डाच्या मागं निळं व्हीजीए पोर्ट आहे का पाहा. पास्कल पिढीनं ॲनालॉग आउटपुट सोडून दिलं. व्हीजीए दिसलं की ९९ टक्के ते जुनं जीटीएस ४५० किंवा जीटीएक्स ५५० टीआय असते, बायोस (कार्डातला मूळ प्रोग्रॅम) बदलून नवीन नाव चिकटवलेलं. विंडोजही १०५० टीआयच दाखवते, म्हणून माणूस फसते. जीपीयू-झेड (कार्ड तपासणारा प्रोग्रॅम) मात्र खरी चिप ओळखते आणि नावाच्या आधी ‘फेक’ लिहिते.

१६५० पाहायला जाताना जीपीयू-झेड आणि कार्डावर लोड टाकणारे फरमार्क, युनिजिन हेवन पेनड्राइव्हमध्ये न्या. इंटरनेट तिथं असेलच असं नाही.

जीपीयू-झेडमध्ये शेडर (म्हणजे तेच कोअर) ८९६, बस १२८ बिट, मेमरीचा प्रकार. बस इंटरफेसच्या ओळीत ‘एक्स१६’ दिसलं पाहिजे. शेजारच्या प्रश्नचिन्हावर क्लिक करून लोड दिल्यावर पाहा, कारण निवांत असताना वेग कमी दाखवते. लोडवरही लेन कमी दिसल्या तर सोन्याच्या पट्ट्या घाण आहेत किंवा एखादी घासलेली. खोडरबरनं पुसून पुन्हा लावा, तरी तेच तर सोडा.

हेवन २० मिनिटं चालवा, फरमार्क ५ मिनिटं पुरे. पडद्यावर रंगीत ठिपके, चौकटी, टोकदार त्रिकोण उडताना दिसले की मेमरी गेली. भाव निम्मा केला तरी घेऊ नका. तापमान ८० च्या आत राहिलं पाहिजे. पंखा बंद करून बोटानं फिरवून पाहा, खरखर लागली की बेअरिंग गेलं. हे दुरुस्त होते, पण भावात कापा.

सगळे पोर्ट एकेक करून लावा. एचडीएमआय मेलेलं आणि डिस्प्लेपोर्ट चालू, अशी कार्डं भरपूर फिरतात. स्क्रूच्या डोक्यावर ओरखडे असतील तर कार्ड उघडलेलं आहे. नुसतं पेस्ट बदललं असेल तर चांगलंच. पण चिपच्या भोवती पिवळसर चिकट फ्लक्स दिसला तर हीट गनचं काम झालंय.

एसटी पार्सलनं किंवा कुरिअरनं मागवणार असाल तर विकणाऱ्याला सांगा, तुमचं नाव आणि आजची तारीख कागदावर लिहून कार्ड चालू असतानाचा व्हिडिओ पाठव, सीरियल नंबर दिसेल असा. पार्सल उघडतानाचा व्हिडिओ तुम्हीही काढा. सीरियल जुळलं नाही तर तिथंच थांबा.

---

दारव्हा_पीसी

भारी माहिती. फोटो पाहिला, १०५० टीआयला निळं पोर्ट आहेच. सोडलं.

फोर्झाचा हट्ट नाही. १६५० आणि रॅम असं ठरवून राहिलो. मॉनिटर दिवाळीनंतर. पण मग माझ्या व्हीजीए मॉनिटरचं काय? आणि लाइन, उन्हाचं कोणीच नाही सांगितलं.

---

मल्टिमीटर

व्हीजीएसाठी एचडीएमआय टू व्हीजीए ॲडॉप्टर घ्या, ज्याच्या आत चिप असते. छोटी डबी किंवा जाड तोंड असते. एका टोकाला एचडीएमआय, दुसऱ्याला व्हीजीए अशी नुसती वायर मिळते, ती चालत नाही, डिजिटलचं ॲनालॉग वायर करू शकत नाही. मॉनिटर बोर्डाच्या व्हीजीएला लावून ठेवला तर कार्ड रिकामं बसून राहील, गेम पहिल्यासारखाच रडेल. ही चूक दर दुसऱ्या माणसाची होते.

आता लाइनीचं.

पहिलं काम अर्थिंग. मल्टिमीटर एसी २५० किंवा ७५० वर ठेवा. सॉकेटात फेज ते न्यूट्रल आणि फेज ते अर्थ जवळजवळ सारखे यायला पाहिजेत. न्यूट्रल ते अर्थ दोन-तीन व्होल्टपर्यंत ठीक. फेज ते अर्थ ५०-१०० असं काहीतरी लोंबकळतं आलं तर अर्थिंग नावालाच आहे. सप्लायच्या आत फेज आणि न्यूट्रल दोन्हींकडून अर्थकडं छोटे कपॅसिटर असतात. अर्थिंग नसली की कॅबिनेटच्या पत्र्यावर निम्मं व्होल्टेज तरंगते, हात लावला की झिणझिण्या येतात. त्याच अवस्थेत डिशला जोडलेल्या टीव्हीत एचडीएमआय लावली की ठिणगी पडते आणि कार्डाचं पोर्ट जाते. म्हणून एचडीएमआय नेहमी दोन्हीकडचे प्लग काढून लावा. अर्थिंग घराला करून घ्या: खड्डा, इलेक्ट्रोड, कोळसा-मीठ, उन्हाळ्यात त्यात पाणी. आपल्याकडची काळी माती मे महिन्यात भेगाळते आणि चांगली अर्थिंगही तेव्हा ढिली पडते.

दुसरं, व्होल्टेज. संध्याकाळी मोटारी सुरू झाल्यावर मोजा, दुपारी नाही. डेलच्या सप्लायवर ‘१००-२४०’ लिहिलेलं असेल तर १७० व्होल्टही त्याला चालते, नुसत्या डाऊनसाठी स्टॅबिलायझर घ्यायची गरज नाही. पण मॉनिटरचं वेगळं पाहा. खरा शत्रू फुल लाइन आहे. न्यूट्रल सुटला की ३०० च्या वर जाते, आणि ते कोणताही सप्लाय सोसत नाही. त्यासाठी जास्त व्होल्टेजला तोडणारा स्टॅबिलायझर किंवा मेनवर व्होल्टेज प्रोटेक्टर लावा. वारंटीच्या भरवशावर राहू नका. करपल्याची खूण दिसली की नवीन कार्डही कंपनी सहसा परत घेत नाही, हे ३०५० वाल्यांनी ध्यानात ठेवावं.

यूपीएस ६०० व्हीए म्हणजे साधारण ३६० वॅट, तुमच्या १७० वॅट आणि मॉनिटरला पुरते. क्रम असा: भिंत, स्टॅबिलायझर, यूपीएस, पीसी. घरच्या जुन्या स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर गेम खेळू नका. सप्लाय गुणगुणतो, कधी बदलाच्या क्षणी मशीन रीस्टार्ट होते.

पावसाळ्यात गडगडाट सुरू झाला की प्लगसोबत लॅनची वायरही काढा. छतावरच्या इंटरनेटच्या डबीतून येणारी वीज पॉवरच्या वायरीतून आलेल्या विजेइतकीच मारते.

---

पंखा_फुल्ल

उन्हाचं मी सांगतो.

खोलीचं तापमान जेवढं वाढलं, कार्डाचं जवळपास तेवढंच वाढते. २८ अंशांच्या खोलीत ६८ वर चालणारं कार्ड ४२ च्या खोलीत ८२ ला जाईल. तिथं १६५० आपोआप वेग कमी करू लागते. जळत नाही, पण फ्रेम पडतात आणि पंखा विमानासारखा ओरडते. आफ्टरबर्नरमध्ये पॉवर लिमिट ८५ टक्क्यांवर आणा. फ्रेम चार-पाच टक्के जातील, तापमान बरंच उतरेल. ७५ वॅटच्या काही कार्डांना ही पट्टी हलू देत नाहीत. मग फ्रेमची हद्द ६० वर बांधा. तुमचा मॉनिटर ६० हर्ट्झचा, त्यावरच्या फ्रेम नुसती उष्णता. व्हॅलोरंटमध्ये हद्द ६० ऐवजी १०० ठेवा, माऊस हलका लागते.

कूलर. डेझर्ट कूलरचा झोत थेट कॅबिनेटवर मारू नका. थंड लागते हे खरं, पण बोअरच्या पाण्याचे क्षार हवेसोबत येतात, पांढरी पूड पंख्याच्या पात्यावर बसते, आणि त्या ओलीवर धूळ लापशीसारखी चिकटते. कूलर खोलीत लावा, खिडकी उघडी ठेवा, पीसी झोताच्या बाजूला, जमिनीपासून फूटभर वर.

कापूस घरात भरून ठेवला असेल तर पीसी त्या खोलीत नको. रुईचे तंतू हीटसिंकच्या पट्ट्यांत अडकून नमद्यासारखा थर होतो. वरून पाहिलं तर पंखा स्वच्छ दिसते, थर त्याच्या खाली असते. सीझनमध्ये महिन्यातून एकदा कार्ड काढा, पाती बोटानं धरून ब्लोअर मारा. पाती मोकळी ठेवून हवा मारली की पंखा जोरात फिरते आणि बेअरिंग खराब होते. समोरच्या जाळीवर डासांच्या जाळीचा तुकडा लावला तर निम्मं काम वाचते, पण तोही झटकावा लागते. तुरीचं थ्रेशर अंगणात चालू असेल तेव्हा पीसी बंद आणि वरून चादर.

---

सरकी_ढेप

बसवण्याचा क्रम टाकतो, म्हणजे पुन्हा धागा नको.

एनव्हीडियाचा ड्रायव्हर आधीच उतरवून ठेवा, फाइल मोठी असते आणि मोबाइलचा डेटा एका दमात जाते. डेलचं बायोस जुनं असेल तर तेही आधी करा, पण लाइन पक्की असताना किंवा यूपीएसवर. मध्येच वीज गेली तर बोर्ड गेला.

मशीन बंद, प्लग काढा, पॉवर बटण दहा सेकंद दाबून धरा. रॅमची पट्टी आधी बसवा, कार्ड लावल्यावर हात जात नाही. मशीन एकदा चालू करून १६ जीबी दिसते का पाहा. मग कार्ड. मागचे दोन पत्रे काढा, कार्ड प्रोसेसरच्या जवळच्या लांब स्लॉटात. खालचा लांब स्लॉट दिसायला तसाच आहे, पण आतून चारच लेनचा, तिथं लावू नका. ‘टक्’ आवाज येईपर्यंत दाबा. एचडीएमआय कार्डाला.

पडदा काळा राहिला आणि पॉवरचं बटण केशरी लुकलुकलं तर घाबरू नका, बहुतेक वेळा कार्ड एका बाजूनं वर राहिलेलं असते. पुन्हा बसवा. बटण पांढरं आणि पडदा काळा, तर ॲडॉप्टर बदलून पाहा. व्हीजीएचे ॲडॉप्टर नवेच मेलेले निघतात.

ड्रायव्हर टाकताना ‘कस्टम’ आणि ‘क्लीन इन्स्टॉलेशन’ निवडा. डीडीयूची (जुना ड्रायव्हर पुसणारा प्रोग्रॅम) गरज नाही, आधीचं कार्डच नव्हतं. आरएक्स काढून आरटीएक्स लावणाऱ्यांनी मात्र सेफ मोडमध्ये डीडीयू चालवावं.

विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि सहाव्या पिढीचा आय५ विंडोज ११ च्या यादीत नाही. जुगाड करून ११ टाकलं तर व्हॅलोरंट टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट (मशीनच्या सुरक्षेच्या सोयी) मागेल, नाहीतर सुरूच होणार नाही. गेमसाठी १० वरच राहा आणि बँकेचं काम या मशीनवर करू नका.

जीटीए ५ च्या दोन आवृत्त्या आहेत. जुनी ‘लेगसी’ उतरवा. २०२५ ची ‘एन्हान्स्ड’ एसएसडी मागते आणि १०० जीबीच्या वर जागा खाते, तुमच्या २५६ मध्ये मग बाकीच्या गेमला जागा कमी उरते.

भावाचं बीजीएमआय: तो गेम मोबाइलपुरताच आहे. पीसीवर इम्युलेटरनं चालवता येते, पण पकडलं तर खातं बंद होते. त्याच्या स्किन असतील तर त्या खात्यानं लॉगिन करू देऊ नका.

---

दारव्हा_पीसी

१६५० चा विकणारा म्हणते कार्ड जीडीडीआर६ आहे पण वर ६ पिनांचं सॉकेट आहे, ‘वायर न लावताही चालते’ म्हणते. खरं का?

---

मल्टिमीटर

नाही. ज्या कार्डाला सॉकेट आहे त्याला वायर नसली की ते बहुतेक चालूच होत नाही, पडद्यावर ‘पॉवर केबल जोडा’ असं येते. एखादं चाललंच तर लोडवर मशीन बंद पडेल. त्याला विचारा, बिनसॉकेटचं दुसरं आहे का. नसेल तर नमस्कार सांगा, १६५० बाजारात ढिगानं आहेत.